शाळेचं दार, पंढरीचं दार : साने गुरुजींचं चरित्र



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या अंकासाठी मला एक चरित्र लिहायला सांगितलं, तेव्हा मंडळींना वाटलं असेल की मी ज्ञानोबा, तुकोबा, नाहीतर आपल्या मुक्ताईचं चरित्र लिहीन. ती चरित्रं आपण सप्ताहात, काल्याच्या कीर्तनात वर्षानुवर्षं ऐकतो. म्हणून मी या वेळी अशा माणसाचं चरित्र घेतलं, जो वारकरी म्हणून ओळखला गेला नाही, पण ज्याच्या धडपडीमुळे आज आपल्या दिंडीतला कोणत्याही जातीचा माणूस पंढरीच्या गाभाऱ्यात जाऊन विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवतो. त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव साने. सगळा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो. आपली दिंडी सुरू झाली त्याच सुमारास, १९२४ साली, हा पांडुरंग आपल्या खानदेशात मास्तर म्हणून उभा राहिला.

पुष्कळ लोक गुरुजींना पंढरपूरच्या उपोषणामुळे ओळखतात, नाहीतर श्यामची आई या पुस्तकामुळे. माझं सांगणं थोडं निराळं आहे. गुरुजींचं सगळं आयुष्य एका गोष्टीभोवती फिरलं. ती गोष्ट म्हणजे गरिबाचं लेकरू आणि शाळेचं दार. ते दार गरिबाच्या पोराला का बंद होतं, कशानं बंद होतं आणि कोण उघडतं, हे त्यांनी आधी स्वतः भोगलं, मग दुसऱ्यांसाठी उघडलं. त्या अंगानं हे चरित्र वाचावं, अशी सर्व माउलींना विनंती आहे.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगड गावी झाला. आईचं नाव यशोदा, वडिलांचं सदाशिवराव. घराणं खोताचं. खोत म्हणजे सरकारचा सारा गोळा करणारा गावचा मानकरी. आजोबांच्या काळात घरात धान्य, माणसं, मान सगळं होतं. पुढं भाऊबंदकी झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, कर्ज वाढत गेलं. आपल्याकडे म्हणतात ना, कर्जाला रात्र नाही आणि झोप नाही. भरल्या घरातून नवराबायको लेकरं घेऊन बाहेर पडली आणि झोपडीत राहिली. शेवटी सावकाराची जप्ती आली, गावात दवंडी पिटली गेली. ज्या गावात मान होता त्याच गावात मान खाली घालून चालायची वेळ आली. शेतकरी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण शाळेच्या आधीची एक शाळा या पोराला मिळाली. ती म्हणजे आई. यशोदाबाईंनी लेकराला काय शिकवलं, ते श्यामची आई या पुस्तकात बेचाळीस रात्रींत सांगितलं आहे. एक प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. अंघोळ झाल्यावर पायाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो. आई आपला ओला पदर दगडावर पसरते, त्यावर पाय ठेवून त्याला देवघरात जाऊ देते. आणि मग सांगते की तळव्याला घाण लागू नये म्हणून जसा जपतोस तसाच मनाला लागू नये म्हणून जप. त्या माउलीनं फळ्यावर काही लिहिलं नाही, छडी हातात घेतली नाही. पण चार-पाच वर्षांच्या लेकराच्या मनात ते असं बसलं की पन्नाशीपर्यंत निघालं नाही.

दुसरा प्रसंग आपल्या विषयाला फार जवळचा आहे. एक म्हातारी महार बाई, डोक्यावरची मोळी खाली पडलेली, उचलून द्यायला कोणी नाही. तो काळ शिवाशिवीचा. आईनं श्यामला पाठवलं आणि मोळी उचलून द्यायला लावली. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे त्याला पुन्हा अंघोळ करावी लागली, तरी म्हातारीची मोळी महत्त्वाची ठरली. पुढं पंढरपूरला जे घडलं त्याचं बी इथं पडलं, असं मला वाटतं. बी लहानपणीच पडावं लागतं. मृग निघून गेल्यावर कपाशी लावली तर ती उगवते, पण पिकत नाही.

आपल्या संप्रदायाला हे नवं नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार पोरकी लेकरं. समाजानं वाळीत टाकलेली, घरात अन्न नाही. त्यांना कोणत्या शाळेनं घेतलं असतं? जे शिकवलं ते आईबापानं आणि थोरल्या भावानं. त्यातली धाकटी मुक्ताई आपल्या तापीकाठी विसावली, म्हणून आपण तिची पालखी घेऊन चालतो. आणि आपल्या जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी घ्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, वावरात जे सुचलं ते गायल्या, ते मुलगा सोपानदेव यांनी कागदावर उतरवलं म्हणून टिकलं, १९५२ साली पुस्तक झालं. निरक्षर आईसुद्धा पहिली शाळा असते. फक्त त्या शाळेतून निघालेल्या लेकराला पुढची शाळा मिळाली पाहिजे. गरिबीचा घाव नेमका तिथं बसतो.

गुरुजींना तो घाव कसा बसला ते बघा. गावची शाळा झाली. इंग्रजी शिकायला पुण्याला मामाकडे ठेवलं. लहान पोर, घर सोडून इतक्या लांब. मन रमलं नाही, तिथून पळाले. परत कोकणात आणलं. मग दापोलीच्या मिशन शाळेत घातलं. पालगड ते दापोली अंतर सहा कोसांचं. सणावाराला पोरगं पायी घरी येई. धाकट्या भावाच्या अंगावर धड कपडा नाही म्हणून खाऊचे पैसे साठवून त्याला कोट शिवला आणि भर पावसात तो घेऊन घरी गेला, असा प्रसंग त्या पुस्तकात आहे. खाऊच्या पैशाचा कोट होतो तेव्हा ते पोर वयाच्या आधी मोठं झालेलं असतं. गरिबाघरच्या पोरांचं लहानपण असं सरतं.

पुढं दापोलीचा खर्चही झेपेना. हुशार पोरगा, पण बाप फी कुठून आणणार? कोणीतरी सांगितलं की औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात. कोकणातून घाट चढून तिकडे गेले. परक्या गावात हातानं शिजवून खाणं, कधी पोटभर, कधी अर्धपोटी. त्यात प्लेगची साथ आली आणि औंधही सोडावं लागलं. मग पुन्हा पुणं, नूतन मराठी विद्यालय. मोजा म्हणजे लक्षात येईल. पालगड, पुणं, दापोली, औंध, पुन्हा पुणं. एका पोराची शाळा इतक्या वेळा उपटली आणि लावली. रोप असं वारंवार उपटलं तर जगतं का? हे रोप जगलं, पण त्याच्याबरोबरची किती वाळली असतील त्यांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत.

आणि सगळ्यात मोठा घाव आता येतो. गुरुजी पुण्यात शिकत असताना १९१७ च्या नोव्हेंबरात आई गेली. आजारात लेकराच्या अभ्यासात अडथळा नको, हीच तिची काळजी. पोरगं घरी पोहोचलं तेव्हा आई राहिली नव्हती. शिक्षणासाठी घर सोडावं लागलं आणि त्याची किंमत म्हणून आईचं शेवटचं दर्शन गेलं. श्रीमंताचं लेकरू गाडी करून आलं असतं. गरिबाच्या शिक्षणाची खरी फी रुपयांत मोजता येत नाही, ती अशी द्यावी लागते. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, गुरुजी मॅट्रिक झाले. १९२२ ला बी. ए. झाले, १९२४ ला एम. ए. झाले.

आता ते आपल्या खानदेशात कसे आले ते सांगतो. अमळनेर म्हटलं की आपल्याला सखाराम महाराजांची वाडी आठवते, बोरी नदीचं पात्र आणि वैशाखातला रथ आठवतो. त्याच अमळनेरात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. तिथं राहून तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला गुरुजी आले. पण पोथीतल्या तत्त्वज्ञानात त्यांचा जीव रमला नाही. जवळच खानदेश एज्युकेशन सोसायटीची शाळा होती, आज तिला प्रताप हायस्कूल म्हणतात. १९२४ च्या जूनमध्ये ते तिथं शिक्षक झाले.

शाळेला जोडून छात्रालय होतं. आसपासच्या खेड्यांतली पोरं तिथं राहत. घरी अहिराणी बोलणारी, शेतकऱ्याची, आईपासून पहिल्यांदा लांब आलेली पोरं. त्या छात्रालयाचं काम गुरुजींकडे आलं आणि त्यांच्या आयुष्याला वाट सापडली. पोरं शाळेत गेली की एम. ए. झालेला हा मास्तर त्यांच्या खोल्या झाडायचा. अस्ताव्यस्त अंथरुणं घडी करून ठेवायचा. मळके कपडे दिसले तर धुऊन वाळत घालायचा. कोणाला बोलायचं नाही, कोणाला लाजवायचं नाही. पोरं परत आली की खोली लख्ख. पहिल्यांदा पोरांना कळेना हे कोण करतं. कळलं तेव्हा ती आपोआप सुधारली. कोणी आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसायचे. कोणाची फी अडली तर आपल्या पगारातून भरायचे.

मंडळी, इथं जरा थांबून विचार करा. गुरुजींनी छात्रालयात काय केलं? आईनं आपल्यासाठी जे केलं तेच त्यांनी दुसऱ्याच्या लेकरांसाठी केलं. त्यांना माहीत होतं की परगावी शिकणाऱ्या गरिबाच्या पोराला पुस्तकाइतकीच आई लागते. पोट भरलं, अंगावर धड कपडा आला, कोणी मायेनं विचारलं, की पोरगं शाळेत टिकतं. आपण समजतो की गरिबाचं पोर फीमुळे शाळा सोडतं. फी शेवटी येते. आधी भूक येते. मग लाज येते, फाटक्या सदऱ्याची, अनवाणी पायांची, सगळ्यांसमोर नाव पुकारलं जाण्याची. मग घराची ओढ आणि घरच्या कामाची ओढाताण येते. एवढं सगळं झाल्यावर फीचा कागद येतो आणि पोर म्हणतं, नको मला शाळा. मग आपण म्हणतो, याला शिकायचंच नव्हतं.

गुरुजी पोरांसाठी छात्रालय दैनिक काढत. स्वतःच्या हातानं लिहायचे आणि पोरांना वाचायला द्यायचे. त्यात थोरामोठ्यांच्या गोष्टी, जगातल्या घडामोडी, छात्रालयातल्या चांगल्यावाईट गोष्टी. खेड्यातल्या पोराला वर्तमानपत्र कुठून मिळणार, म्हणून मास्तरच वर्तमानपत्र झाले. पुढं १९२८ साली विद्यार्थी नावाचं मासिक काढलं. सहा वर्षं असं चाललं. १९३० साली गांधीजींचा मिठाचा सत्याग्रह आला तेव्हा गुरुजींनी नोकरी सोडली आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. मास्तरकी सुटली, पण मास्तरपण सुटलं नाही.

त्यांना अटक झाली, धुळ्याच्या तुरुंगात ठेवलं, तिथून लांब दक्षिणेत त्रिचनापल्लीला नेलं. तिथं ते तमिळ शिकले. १९३२ साली पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात आले. त्या वेळी विनोबाजी तिथंच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, अशी गीतेवर अठरा प्रवचनं विनोबांनी कैद्यांसमोर केली आणि गुरुजींनी ती भराभर लिहून घेतली. आज गीता प्रवचने म्हणून जे पुस्तक आपल्या कितीतरी घरांत देव्हाऱ्याजवळ असतं, ते या धुळ्याच्या तुरुंगात आणि गुरुजींच्या हातानं उतरलेलं आहे. सांगणारा थोर असतोच, पण लिहून घेणारा नसता तर ते भिंतीतच विरलं असतं. आपल्या संप्रदायात ज्ञानेश्वरी लिहून घेणाऱ्या सच्चिदानंद बाबांचा मान आहे, तो याचसाठी.

पुढं नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेपासून १३ तारखेपर्यंत, पाच दिवसांत त्यांनी श्यामची आई लिहून काढलं. १९३५ साली ते छापलं गेलं. खेड्यापाड्यात एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशा रीतीनं ते पुस्तक फिरलं. आपण पोथी लावतो तसंच. ज्या बायांना वाचता येत नव्हतं त्यांनीही ते ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला, कारण त्यातलं दुःख त्यांच्याच घरचं होतं.

१९३६ च्या डिसेंबरात आपल्या यावल तालुक्यात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. त्यासाठी गुरुजी गावोगाव पायी फिरले. १९३८ साली अमळनेरहून त्यांनी काँग्रेस नावाचं साप्ताहिक काढलं. शेतकऱ्याची पिकं बुडाली तेव्हा सारा माफ व्हावा म्हणून ते झटले, गिरणीतल्या कामगारांसाठी झटले. लोक म्हणतील, यात शाळेचा काय संबंध? संबंध आहे. बापाच्या डोक्यावरचा सारा हलका झाला तर पोराच्या हातातली पाटी टिकते. पालगडच्या जप्तीनं गुरुजींना हे शिकवलं होतं.

आता पंढरपूरचा प्रसंग. हा लिहिताना मन जड होतं, पण आपल्याच अंकात तो खरा सांगितला पाहिजे. आपण म्हणतो, विठ्ठल सगळ्यांची माय आहे. चोखोबा आपलेच, त्यांची समाधी महाद्वारासमोर. पण चोखोबांच्या मागून आलेल्या त्यांच्या लेकरांना शेकडो वर्षं त्या दाराच्या आत पाऊल ठेवता आलं नाही. वारी करायची, टाळ वाजवायचा, चंद्रभागेत स्नान करायचं, कळसाचं दर्शन घ्यायचं आणि परत फिरायचं. देश स्वतंत्र व्हायला आला तरी हे चालू होतं. गुरुजींनी ठरवलं की हे दार उघडलं पाहिजे. आधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, गावागावांत लोकांना समजावलं. आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले.

त्या वेळी विरोध करणाऱ्यांत आपल्या संप्रदायातलीही मंडळी होती, हे लपवून चालणार नाही. आणि ज्या मठात उपोषणाला जागा मिळाली तो मठही आपल्याच संप्रदायातला होता, हेही विसरून चालणार नाही. दोन्ही आपलेच. उन्हाळ्याचे दिवस, पोटात अन्न नाही, असे दहा-अकरा दिवस गेले. शेवटी मंदिराची मंडळी तयार झाली आणि दार उघडलं. आज दर्शनबारीत आपण उभे राहतो तेव्हा पुढचा कोण आणि मागचा कोण हे कोणी विचारत नाही. ही गुरुजींची पुण्याई.

मी या प्रसंगाकडे शाळेच्या बाजूनं बघतो. जे पोर देवळाच्या दारात अडत होतं तेच पोर शाळेच्या दारातही अडत होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारख्या माणसाला लहानपणी शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, पाणी प्यायला दुसऱ्याच्या ओंजळीची वाट बघावी लागली. देव शिवू देत नाही आणि फळा शिवू देत नाही, या दोन्ही एकाच कुलपाच्या गोष्टी. पंढरीचं कुलूप निघालं तेव्हा गावोगावच्या शाळांची कुलपंही ढिली झाली.

त्यानंतर गुरुजी फार वर्षं राहिले नाहीत. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला, त्याचा त्यांना फार मोठा धक्का बसला. त्यांनी एकवीस दिवस उपोषण केलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला साधना साप्ताहिक सुरू केलं, ते आजही चालू आहे. पण मन खचत गेलं. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपण होऊन या जगाचा निरोप घेतला. वय पन्नास वर्षांचं. जगाचं दुःख उशाशी घेऊन निजणाऱ्या माणसाला स्वतःचं दुःख सांगायला कोणी जवळ नसतं, एवढंच म्हणता येईल.

चरित्र इथं संपलं. पण कीर्तनात उत्तरार्ध असतो, तसं थोडं सांगतो आणि थांबतो.

गुरुजींच्याच काळात ताराबाई मोडक आणि त्यांच्या शिष्या अनुताई वाघ यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी लेकरांसाठी काम केलं. त्यांना दिसलं की मोठी पोरं शाळेत येत नाहीत, कारण ती धाकटी भावंडं सांभाळतात, गुरं राखतात. मग त्यांनी शाळेलाच पाळणाघर आणि बालवाडी जोडली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा नेली. अंगणात लेकरं जमवून त्यांना शिकवलं. धाकट्याला सांभाळणारं कोणी मिळालं की थोरली बहीण शाळेत जाते, एवढं साधं गणित. पुढं २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारनं अंगणवाडीची योजना आणली. २००९ साली कायदा झाला की सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला मोफत शिक्षण मिळालं पाहिजे.

मग आता अडलं कुठं? आपल्याच गावात बघा. कापूस फुटला की वेचणीला माणूस मिळत नाही आणि चौथी-पाचवीतली पोरं सरीत दिसतात. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात, ती आखाजीच्या आगेमागे परत येतात. लेकरं बरोबर जातात. पालगड, पुणं, दापोली, औंध असं गुरुजींचं झालं तसंच यांचं होतं, फक्त यांच्या वाटेत शाळाच नसते. सातपुड्याच्या पायथ्याची पावरा लेकरं, केळीच्या बागेत राबणाऱ्या मजुराची लेकरं, सालदाराची लेकरं, यांचं शाळेच्या पटावर नाव असतं, पण जागेवर पोर नसतं. कायदा दार उघडतो, हात धरून आत नेत नाही. हात धरायला माणूस लागतो.

मी स्वतः चौथी शिकलो. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरी बैलामागं माणूस हवा होता. अक्षरं विसरलो नाही ती पारायणामुळे. एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं मला रोज ज्ञानेश्वरी समोर धरून वाचायला लावलं. माझा हात धरणारा मला दिंडीत भेटला. म्हणून माझं दिंडीला सांगणं आहे.

आपण अन्नदानाला कमी पडत नाही. एका मुक्कामाला शेकडो पानं उठतात. पंगतीच्या यादीत दर गावानं एक ओळ आणखी घालावी. त्या ओळीत पाटी, वही, चप्पल आणि एक सदरा असावा. ज्या पोराला द्यायचं त्याचं नाव पुकारू नये, फोटो काढू नये. गुरुजी अंथरूण घडी करून ठेवत, तसं गुपचूप ठेवून यावं. दुसरं, जी कुटुंबं तोडीला जातात त्यांची आजी-आजोबा गावात असतील तर लेकरू त्यांच्याजवळ राहू द्यावं, आणि त्या म्हाताऱ्यांच्या दोन घासांची काळजी भजनी मंडळानं घ्यावी. हंगामी वसतिगृह जवळ असेल तर तिथं नाव घालायला कोणीतरी बरोबर जावं. तिसरं, एकादशीच्या भजनाला आपण टाळकऱ्यांची हजेरी बघतो. कोण आलं नाही, का आलं नाही, आजारी आहे का, विचारतो. तसंच महिन्यातून एकदा शाळेत जाऊन बघावं, आपल्या आळीतलं कोणतं लेकरू पंधरा दिवस दिसलं नाही. आणि त्याच्या घरी जावं. रागवायला जाऊ नये, विचारायला जावं. अंगणवाडीतल्या ताईलाही विचारावं, लेकरं येतात का, खाऊ पुरतो का, पावसात छप्पर गळतं का. हे विचारायला पैसा लागत नाही.

आपली दिंडी पुढच्या शंभर वर्षांत पाऊल टाकते आहे. विणेकरी बदलतील, टाळकरी बदलतील. आज अंगणवाडीत मांडी घालून बसलेलं लेकरू उद्या वीणा घेऊन उभं राहील. त्याला हरिपाठ पाठ असेलच. त्याला तो वाचताही यावा, समजून सांगताही यावा, आणि पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला आहे म्हणून त्याच्या हातातली पाटी सुटू नये. पंढरीचं दार गुरुजींनी उपाशी बसून उघडलं. गावच्या शाळेचं दार उघडं ठेवायला कोणी उपाशी बसायची गरज नाही. आपल्या भाकरीतला चतकोर काढला तरी पुरे.

रामकृष्ण हरी.